चाळीस मिलिमीटरचा ठोकळा

आमचं घर म्हणजे तासगावच्या बाहेर, बेदाण्याच्या शेडला लागून असलेल्या दोन खोल्या. घर आमचं नव्हतं, मगदूमकाकांचं होतं. माझे वडील, आण्णा, त्यांचा ट्रॅक्टर चालवायचे म्हणून आम्हाला ते राहायला मिळालेलं. आमचं मूळ गाव कवठे महांकाळच्या बाजूला. तिथली दोन एकर कोरडवाहू जमीन चुलत्यांच्या हवाली करून आई-आण्णा माझ्या जन्माआधीच इकडं आले होते. मगदूमकाका जैन. त्यांच्याकडं दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची, आण्णांचं कामही त्यांच्याबरोबरच सुटायचं, आणि हळूहळू आमच्या घरालाही तीच सवय लागली. अंगणात बसून, पिवळ्या उन्हात, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि हुलग्याचं पातळ माडगं आम्ही जेवत असू. आजही मी सातच्या आत जेवते. माझ्या सुनेला त्याचं कारण डायबेटिस वाटतं.

द्राक्षाचा हंगाम आला की शेडमध्ये जाळ्यांचे मजले चढायचे आणि हिरवे घड त्यांवर पसरले जायचे. पंधरा-वीस दिवसांनी माल वाळला की माणसं जाळ्या हलवायची आणि बेदाणा खाली पडायचा. तो आवाज मी कुठेही ओळखेन. पत्र्यावर बारीक गारा पडाव्यात तसा, पण जरा ओलसर. आई त्या बेदाण्याची निवड करायची. चाळणीखाली जे पडेल ते एका बाजूला, काळं पडलेलं दुसऱ्या बाजूला, काडी असलेलं तिसऱ्या. तिची बोटं इतकी भरभर चालायची की बघणाऱ्याला ती न बघताच निवडते आहे असं वाटावं. मी एकदा तिला विचारलं, "आई, तुला कळतं कसं?" ती म्हणाली, "डोळ्याला न्हाई कळत. बोटाला कळतं."

मी आठवीत असेन. फवारणीच्या पंपाची पुली शाफ्टवर फिरायला लागली, म्हणजे शाफ्ट फिरतोय आणि पुली जागच्या जागी घसरतेय. पुली शाफ्टला घट्ट धरून राहावी म्हणून दोघांच्या मधल्या खाचेत लोखंडाचा एक छोटा चौकोनी तुकडा बसवलेला असतो, त्याला चावी म्हणतात. ती झिजली होती. बागेत फवारणी अडलेली, मगदूमकाका घायकुतीला आलेले, म्हणून आण्णा शाफ्ट आणि पुली घेऊन तासगावातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडं निघाले आणि पुली धरायला म्हणून मला ट्रॅक्टरवर बसवलं. मिस्त्रींनी लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये आवळला आणि कानस चालवायला सुरुवात केली. थोडं घासायचं, तुकडा काढून खाचेत लावून बघायचा, परत आवळायचा, दोन हात मारायचे, परत बघायचं. आण्णा बिडी ओढायला बाहेर गेले. मी तिथून हलले नाही. शेवटी मिस्त्रींनी तो तुकडा खाचेवर ठेवला आणि अंगठ्यानं दाबला. तो चप् करून आत गेला. हातोडी नाही, ठोकाठोकी नाही. त्यांनी पुली हलवून बघायला माझ्याकडं दिली. तसूभरही हलेना.

परत येताना मी आण्णांच्या कानाशी ओरडून सांगितलं, कारण ट्रॅक्टरवर ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही. "आण्णा, मला हे करायचंय."

"काय?"

"मिस्त्रींनी केलं ते."

"मग कर की," आण्णा ओरडले.

त्यांनी ते विसरून जावं इतक्या सहजपणे म्हटलं होतं. मी मात्र विसरले नाही. दहावी झाल्यावर मी सांगलीला आयटीआयला फिटर ट्रेडचा अर्ज भरला तेव्हा आण्णांना ट्रॅक्टरवरच्या त्या शब्दांची आठवण करून दिली. ते बराच वेळ डोकं खाजवत बसले आणि म्हणाले, "म्या म्हनलं व्हय असं? मग आता काय बोलायचं!"

सांगलीत मी मावशीकडं राहिले. मावशी दवाखान्यात आया होती. तिची खोली एका चाळीत, नळ खाली अंगणात. वर्गात मी एकटीच मुलगी. आमचे सर शिस्तीचे आणि सरळ होते. पहिल्या दिवशी पोरं माझ्याकडं बघून कुजबुजायला लागली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "कानस कुणाच्या हातात आहे ते कानशीला कळत नाही. आपापल्या व्हाइसकडे बघा." त्यांनीच आम्हाला टूलरूमबद्दल सांगितलं. कारखान्यात हजारो भाग ज्या साच्यांतून निघतात ते साचे जिथं बनतात आणि दुरुस्त होतात ती खोली. सगळ्यात बारीक काम तिथं. तिथला फिटर म्हणजे फिटरांमधला फिटर. त्या संध्याकाळी मी मावशीला सांगितलं, "मी टूलरूमची फिटर होणार."

"हो की," मावशी म्हणाली. "पर आधी खालनं दोन कळश्या पानी आन."

दोन वर्षांनी चांगल्या मार्कांचं सर्टिफिकेट घेऊन मी शिरवळला आले. हमरस्त्याला लागून तेव्हा नवे नवे कारखाने उभे राहत होते. त्यांतल्या एकात, जिथं गाड्यांसाठी पत्र्याचे छोटे भाग बनायचे, त्यांना फिटर हवे होते. ऑफिसातल्या माणसानं माझे कागद उलटसुलट पाहिले, मलाही पाहिलं, आणि म्हणाला की बायका आम्ही फक्त पॅकिंगला घेतो. फिटरच्या जागेचं मी विचारलं तर तो हसला नाही, रागावलाही नाही. जणू मी भलत्याच दुकानात येऊन भलतंच सामान मागत होते, तसं त्यानं मला नीट समजावून सांगितलं. मी पॅकिंगची जागा घेतली. आत शिरायला दुसरं दार नव्हतं.

राहायला मी पॅकिंगमधल्याच कुसुमताईंच्या खोलीत गेले. फलटणकडच्या, चाळिशीच्या, नवरा वारलेला, मुलगी लग्न होऊन गेलेली. खोलीच्या मागंच पिठाची गिरणी होती. दिवसभर तिचा पट्टा फटक फटक वाजायचा आणि आमच्या भांड्यांवर, चादरीवर, कुसुमताईंच्या भुवयांवरसुद्धा पिठाचा एक पातळ थर असायचा. कुसुमताई हिरव्या मिरचीचा खर्डा करायच्या, तो खाऊन मी पहिला आठवडा रडत जेवले. रविवारी त्या मुद्दाम वांगं भाजायच्या आणि मी गावातल्या विहारातली वंदना आटोपून येईपर्यंत माझ्यासाठी भाकरी तव्यावर टाकायला थांबायच्या. थंड भाकरी माणसानं खाऊ नये, असं त्यांचं ठाम मत होतं. स्वतः मात्र कामावर रोज थंडच खायच्या.

पॅकिंगमध्ये आम्ही क्लिपा आणि वॉशर मोजून पिशव्यांत भरायचो. शेजारी प्रेसमशिनी धडाधड पडत असायच्या, जमिनीतून तो हादरा पायात यायचा. आणि त्याच्या पलीकडं, तारेच्या जाळीमागं, टूलरूम. जेवणाच्या सुट्टीत मी भाकरीची गुंडाळी हातात घेऊन त्या जाळीपाशी उभी राहायचे. आत पाच बेंच, पाच फिटर, आणि फोरमन घाडगेमामा. मामा खंडाळा तालुक्यातलेच, फौजेच्या वर्कशॉपात वीस वर्षं काढून आलेले. मिशा पांढऱ्या, हात मात्र तरुण माणसाचे. महिना-दीड महिना त्यांनी मला बघून न बघितल्यासारखं केलं. मग एक दिवस जाळीपाशी आले.

"काय बघती गं रोज?"

"तुमच्या माणसांची कानस सरळ चालतीया का झुलतीया, ते."

"मग? काय दिसलं?"

"तिसऱ्या बेंचवरची झुलतीया."

मामांनी मागं वळून तिसऱ्या बेंचकडं पाहिलं. परत माझ्याकडं पाहिलं. "कुठं शिकलीस?"

"सांगलीला. आयटीआय. फिटर."

"मग पॅकिंगला काय करतीस?"

"पॅकिंग," मी म्हणाले.

ते मोठ्यानं हसले. दुसऱ्या दिवशी मात्र हसले नाहीत. पंचेचाळीस मिलिमीटर चौरस सळईचा एक तुकडा त्यांनी माझ्या हातात ठेवला. जड, काळा, गंजाचा वास येणारा. "चाळीसचा ठोकळा कर," ते म्हणाले. "सहाही बाजू सपाट, सगळे कोन काटकोन. कुठंबी मोजला तरी चाळीस. फरक दोन शतांशापत्तुर चालंल, तिसरा चालायचा न्हाई. कोपऱ्यातला व्हाइस तुझा. जेवणाची सुट्टी अन् शिफ्ट सुटल्यावर एक तास. जमला तर म्या साहेबांशी बोलतो. न्हाई जमला तर परत त्या जाळीपाशी उभं ऱ्हायाचं न्हाई. मंजूर?"

"मंजूर," मी म्हणाले.

दोन शतांश मिलिमीटर म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या जाडीचा साधारण तिसरा हिस्सा. आता ते काम संगणकावर चालणारं मशीन चहा होईपर्यंत करतं आणि ते मला चांगलंच वाटतं. माझ्या उजव्या खांद्याला तर फारच चांगलं वाटतं, कारण थंडीत तो अजून ठणकतो. पण तेव्हा हातानं करायचं होतं. कानशीची एक खोड असते. माणूस पुढं ढकलताना नकळत आधी मुठीकडं आणि मग टोकाकडं जास्त दाबतो, त्यामुळे कानस झुलते आणि लोखंडाच्या कडा जास्त घासल्या जातात. मधला भाग उंच राहतो, कडा उतरतात. डोळ्याला सपाट दिसणारी बाजू खरं तर उशीसारखी फुगीर असते. ते कळावं म्हणून एका तंतोतंत सपाट पाटावर निळा रंग फासायचा आणि त्यावर ठोकळा घासायचा. जिथं उंच आहे तिथं निळं लागतं. निळं तेवढं घासायचं, परत बघायचं. मग काटकोनासाठी गुण्या लावायचा आणि उजेडाकडं धरायचा. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून उजेड आला तर खोट आहे.

पहिला तुकडा मी आठ दिवसांत वाया घालवला. मामांनी दुसरा दिला. सात आठवडे मी त्यावर होते. सुट्टीत भाकरी खायला वेळ मिळायचा नाही, ती मी सकाळीच चालता चालता खायचे. टूलरूममधले फिटर सुरुवातीला टोमणे मारायचे, मग कंटाळले. घामानं लोखंडावर बोटांचे ठसे उठून गंजायचे म्हणून रोज तेलाच्या फडक्यात ठोकळा गुंडाळून ठेवायचा. कुसुमताई म्हणायच्या, "एवढं बाळाला जपत न्हाईत बाया." हळूहळू एक बाजू जमली, मग तिच्यासमोरची, मग पाच बाजू जमल्या. सहाव्या बाजूला मी घाई केली.

घाईचं कारण होतं. टूलरूममधला एक फिटर पुण्याला निघाला होता, त्याची जागा भरायची होती, आणि शनिवारी मामांना साहेबांकडं नाव द्यायचं होतं. शुक्रवारी दुपारी मी मायक्रोमीटर घेऊन सहावी बाजू मोजली. मधोमध बरोबर. तीन कोपरे बरोबर. चौथ्या कोपऱ्यात चार शतांश कमी. मी परत मोजलं. बोटं पुसून परत मोजलं. लोखंड घासून कमी करता येतं, वाढवता येत नाही. त्या कोपऱ्याला जुळवून सगळी बाजू खाली आणली तर ठोकळाच चाळीसच्या खाली जाणार. दुपारनंतर मी कशा पिशव्या भरल्या ते मला आठवत नाही.

साडेतीनला शिफ्ट सुटली तेव्हा मामांनी हाक मारली. "रत्ना, ठोकळा आण." ते खुशीत होते. त्यांनी तो उजेडात फिरवला, गुण्या लावला, मग मायक्रोमीटर घेतला आणि तिन्ही मापं मधोमध घेतली. "चाळीस. चाळीस. ह्यो एक शतांश कमी, चालतंय." त्यांनी ठोकळा बेंचवर ठेवला. "झालं. पास. उद्या तुझं नाव देतो."

तिसऱ्या बेंचवरचा फिटर जवळ आला होता. त्यानं ठोकळा उचलून पाहिला आणि अगदी मनापासून, कौतुकानं म्हणाला, "बाईच्या मानानं लय भारी केलाय."

तो तसं म्हणाला नसता तर मी गप्प बसले असते का? गेली कित्येक वर्षं मी हे स्वतःला विचारते. बहुतेक बसले असते. मी काही तेव्हा तत्त्वाचा विचार करत नव्हते. मला ती जागा हवी होती, इतकी की रात्री झोपेतही मी त्या बेंचवर उभी असे. पण ते शब्द ऐकले आणि मी ठोकळा त्याच्या हातातून घेऊन मामांसमोर ठेवला.

"मामा," मी म्हणाले, "सहाव्या बाजूचा कोपरा बघा."

"कशाला?"

"चार शतांश उतरलाय."

मामांनी माझ्याकडं पाहिलं, मग आवाज खाली आणून म्हणाले, "कोपऱ्याचं तुला कुणी इचारलंय का?"

"तुमीच म्हनला होता, कुठंबी मोजला तरी चाळीस."

"अगं पोरी, साहेब काय मोजायला बसणार हायत का? म्या म्हनतोय पास, म्हंजे पास. जागा उद्या भरायची हाय. गप घे."

"मग माझं नाव देऊ नका."

"दिमाग ठिकाने पे है तुम्हारा?" मामा रागावले की फौजेतली हिंदी बोलायचे. बाकीचे चौघं हात थांबवून ऐकत होते. मामांनी ठोकळा उचलला, या वेळी कोपऱ्यात मोजला, मायक्रोमीटरचा आकडा बघितला, आणि दोन्ही वस्तू बेंचवर ठेवून निघून गेले. शनिवारी लोणंदच्या एका माणसाचं नाव गेलं. सोमवारी तो रुजू झाला. चांगला माणूस होता, मला त्याचा कधी राग आला नाही.

कुसुमताईंनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी तोंड सोडलं. "शानपना करायला हीच येळ गावली व्हय गं? त्यो म्हाताराच पास म्हनत होता की. तुला काय देव मोजायला येणार होता?" मी पिशव्या भरत राहिले. जेवणाच्या सुट्टीत बाहेर झाडाखाली बसायचे. ठोकळा खोलीवर ट्रंकेत, तेलाच्या फडक्यात पडलेला. तीन आठवडे मी त्याला हात लावला नाही. मी घरी पत्र लिहिलं होतं, त्यात सगळं जसं घडलं तसं लिहिलं होतं, आणि ते पेटीत टाकल्यावर वाटलं की उगीच लिहिलं.

पत्र गेल्यावर दुसऱ्या रविवारी सकाळी आण्णा दारात उभे. तासगावहून साताऱ्याला आणि साताऱ्याहून शिरवळला, दोन एसट्या बदलून आलेले. हातात आईनं दिलेली पिशवी, तिच्यात शेंगदाण्याची चटणी, बेदाणे आणि धपाटे. चटणीचं तेल पिशवीला लागून बाहेर आलेलं. कुसुमताईंनी त्यांना पाणी दिलं, चहा ठेवला, आणि ठेवता ठेवता माझ्या जेवणाची हेळसांडही सांगून टाकली. आण्णा पाणी प्यायले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि विषयाला हात घातला.

"रत्ने, पत्र तुझ्या आईला दोनदा वाचून दाखवलं. दोघास्नीबी कळलं न्हाई. काम येत न्हाई म्हनून जागा गेली असती तर म्या एक सबूद बोललो नसतो. पर ते पास म्हनत्यात अन् तूच नापास म्हनतीस, ह्याला काय अर्थ हाय?"

"आण्णा, तो कोपरा—"

"किती कमी म्हनलीस?"

"चार शतांश."

"म्हंजे किती?"

मी डोक्यावरचा एक केस उपटून त्यांच्या तळहातावर ठेवला. "याच्या जाडीच्या निम्म्याहून थोडं जास्त."

आण्णा त्या केसाकडं बघत राहिले. मग त्यांचा आवाज चढला. माझ्यावर त्यांचा आवाज चढलेला मी क्वचितच ऐकला होता. "एका केसापायी? ह्या एका केसापायी तू जागा घालवलीस? सात-आठ आठवडं जेवली न्हाईस म्हनं नीट. ह्या बाईंनीच सांगितलं आत्ता. आमी तिकडं सगळ्यास्नी सांगून बसलो, आमची पोरगी कारखान्यात मिस्त्री हुणार. मगदूमकाकांनी चार लोकांत तुझं नाव काढलं. अन् तू—" ते थांबले. कुसुमताई स्टोव्हपाशी पाठ करून बसल्या होत्या. "कुठाय त्यो ठोकळा? आण बघू."

मी ट्रंकेतून ठोकळा काढला, पुसून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो चहूबाजूंनी फिरवून पाहिला. अंगठा घासला. ट्रॅक्टरवर आयुष्य गेलेला माणूस, लोखंड त्यांना नवीन नव्हतं. "मला तर समदीकडनं सारखाच दिसतुया," ते म्हणाले. "कुठं हाय त्यो कोपरा?"

सांगण्यात अर्थ नव्हता. माझी स्वतःची छोटी स्टीलची पट्टी होती, सरांनी निकालाच्या दिवशी दिलेली, कड अगदी सरळ. आण्णांना मी दारात उन्हाकडं तोंड करून उभं केलं. ठोकळा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर धरला आणि सहाव्या बाजूवर पट्टीची कड आडवी ठेवली. आधी मधोमध. "काय दिसतंय?"

"काय न्हाई. अंधार."

मग मी पट्टी तिरकी केली, त्या कोपऱ्यापर्यंत नेली. पट्टी आणि लोखंड यांच्यामध्ये, अगदी टोकाला, उजेडाची एक बारीक रेघ होती.

आण्णांनी एक डोळा मिटला. परत उघडला. पट्टी त्यांनी माझ्या हातातून घेतली आणि स्वतः ठेवून पाहिली. इकडून, तिकडून, परत मधोमध, परत कोपऱ्यात. गिरणी रविवारची बंद होती, त्यामुळे कसलाच आवाज नव्हता. कुसुमताईंनी गाळून ठेवलेला चहा निवला.

"दिसला," ते म्हणाले. "उजेड दिसला."

ठोकळा त्यांनी मला परत दिला, टोपी घातली, आत येऊन भिंतीला टेकून बसले. "मग आता दुसरा करावा लागंल," असं म्हणून त्यांनी थंड चहाची कपबशी उचलली. नोकरीबद्दल ते पुन्हा बोलले नाहीत. मुद्दाम आणलेले धपाटे त्यांनी स्वतःच आम्हा दोघींना वाढले, कुसुमताईंच्या खर्ड्याला हात लावून डोळ्यांत पाणी आणलं, आणि तीनच्या एसटीनं परत गेले.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी जाळीच्या दारातून सरळ आत गेले. मामा डबा खात होते. "तुकडा पाहिजे," मी म्हणाले. त्यांनी घास चावता चावता कोपऱ्यातल्या सळयांकडं बोट केलं. मीच हॅक्सॉनं तुकडा कापून घेतला. या वेळी कुणी तारीख दिली नव्हती, जागाही रिकामी नव्हती. मी आधी कानसच पंधरा दिवस नुसती चालवली, भंगारातल्या एका पट्टीवर, झुलायची थांबेपर्यंत. पायांमधलं अंतर बदलून पाहिलं. व्हाइस माझ्या उंचीला दोन इंच उंच पडत होता, हे माझ्या इतक्या उशिरा लक्षात आलं. मी पायाखाली लाकडी फळी घेतली आणि निम्मी खोड तिथंच गेली. तिसऱ्या बेंचवरच्या फिटरनं ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी ती डुगडुगणारी फळी काढून त्यानं तिच्या जागी एक भक्कम पाट आणून ठेवला.

पाच महिने लागले. मधे एकदा तापानं आठवडाभर पडले होते, एकदा चौथी बाजू बिघडून तुकडा टाकावा लागला. शेवटचा ठोकळा मी ज्या दिवशी मामांसमोर ठेवला त्या दिवशी मी त्यांना काही सांगितलं नाही. सहाही बाजू, प्रत्येकीचे चारही कोपरे, मी आदल्या दिवशी तीनदा मोजले होते. मामांनी चष्मा लावला. आधी कोपरे मोजले. मग कडा. मधोमध सगळ्यात शेवटी. प्रत्येक आकडा ते स्वतःशीच पुटपुटत होते. मोजून झाल्यावर त्यांनी मायक्रोमीटर पुसून डबीत ठेवला, चष्मा काढला.

"त्या टायमाला म्या तुला पास करणार हुतो," ते म्हणाले. "साहेबांचा तगादा हुता, अन् मनात आलं, पोरगी हाय, एवढी राबलीय, दिऊन टाकावं. ते बरं न्हवतं. पुरुष असता तर म्या कोपरा मोजला असता."

मी म्हटलं, "आता मोजलात की."

"आता मोजला," मामा म्हणाले.

ते मला घेऊनच साहेबांकडं गेले. साहेबांनी ठोकळ्याकडं ओझरतं पाहिलं. त्यांची अडचण निराळीच होती. टूलरूमच्या बाजूला बायकांचा संडास नव्हता. यावर किती वेळ चर्चा झाली ते आज सांगितलं तर कुणाला खरं वाटायचं नाही. शेवटी मामा म्हणाले, "साहेब, पॅकिंगकडं हाय की. दोनशे पावलं चालंल ती. पोरगी पाच महिनं एका ठोकळ्यामागं चालली, दोनशे पावलांचं काय घिऊन बसला?" साहेबांनी सही केली. जागा मात्र आणखी दीड महिन्यानं निघाली, तोवर मी पिशव्या भरल्या.

टूलरूममधल्या पहिल्या सकाळी मला पाचवा बेंच मिळाला, खिडकीजवळचा. मी हत्यारं मांडली, फडकं घडी करून ठेवलं, आणि सगळे आता माझ्याकडं बघणार म्हणून मान खाली घालून उभी राहिले. बरोबर साडेसातला मामा हातात कागद घेऊन आले. पहिल्या बेंचवर एक कागद ठेवला, दुसऱ्यावर एक, तिसऱ्यावर, चौथ्यावर. पाचव्यावर, माझ्यासमोर, एका साच्याच्या पंचाचा, म्हणजे पत्रा कापणाऱ्या भागाचा, नकाशा ठेवला. त्यावर मापं होती, खाली तारीख होती. काही समजावून सांगायला ते थांबले नाहीत. मी मान वर केली तोवर ते आपल्या टेबलापाशी पोचून डब्यातली तंबाखू मळत होते. दुपारपर्यंत त्या खोलीत कुणीही माझ्याकडं वळून पाहिलं नाही, आणि त्याआधी इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं.